आजी जागेवर, माणसं पाळीपाळीने: घरात आजारी माणसाची काळजी घेणाऱ्या सुनेचं एक प्रकरण

या कुटुंबाच्या संमतीने हे लिहिलं आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, नोकऱ्या आणि काही तपशील बदलले आहेत. नावं दिलेलीच नाहीत. सून म्हणजे ताई, सासूबाई म्हणजे आजी. बाकीचे आपापल्या नात्याने येतील.

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. आजी ७६ वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. गाव अजूनही त्यांना 'बाई'च म्हणतं. यजमान काही वर्षांपूर्वी गेले. थोरली मुलगी पुण्यात, मधला मुलगा गावातच पतसंस्थेत नोकरीला, धाकटा नवी मुंबईत. ताई मधल्याची बायको, वय ४७. मुलगा पुण्यात शिकायला, मुलगी बारावीला.

लग्न झालं तेव्हा ताईंना डी.एड. करायचं होतं. 'घरात एक मास्तरीण पुरे,' असं म्हणून आजींनी तो विषय संपवला. पुढे ताईंनी पुढच्या खोलीत शिवणयंत्र मांडलं. ब्लाउज, फॉल-पिको, लग्नसराईत तर रात्री उशिरापर्यंत काम. हा जुना तपशील इथे सांगण्याचं कारण पुढे येईल.

दोन वर्षांपूर्वी आजी पेन्शन काढायला बँकेत गेल्या आणि घरचा रस्ता चुकल्या. मिरजेत मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवलं. थायरॉइड, बी-१२, स्कॅन असं सगळं झाल्यावर अल्झायमरचं निदान झालं आणि गोळ्या सुरू झाल्या. भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख जणांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश; अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात आला आहे. यातले बहुतेक घरीच असतात, आणि त्या घरात कुणीतरी एक ताई असते. आजींच्या कागदावर आजाराचं नाव होतं. सकाळी सहा ते रात्री बारा या वेळात काय करायचं, हे कुठल्याच कागदावर नव्हतं.

आजींची काळजी ताईंनी घ्यायची, असं घरात कुणी बसून ठरवलं नव्हतं. आधी गॅसचं बटण बघायला लागलं, मग औषधं, मग आंघोळ, मग रात्री. यंत्रावर चादर टाकली गेली. गिऱ्हाईकं हळूहळू दुसरीकडे वळली.

ताई आमच्याकडे कशा आल्या

ताईंचं डोकं सतत दुखायचं, रक्तदाब वाढलेला, वजन उतरलेलं. गावातल्या डॉक्टरांनी दोनदा गोळ्या बदलल्या आणि तिसऱ्या वेळी आमच्या समुपदेशन केंद्राची चिठ्ठी दिली. त्या नवऱ्यासोबत आल्या. नवराच बोलत होता. 'तिला जरा समजावून सांगा, फार चिडते हल्ली,' ही त्याची मागणी.

काळजीवाहूवर किती भार आहे, हे मोजायला आम्ही झारिट मापनी वापरतो. तीत २२ प्रश्न असतात, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, कमाल बेरीज ८८. आजारी माणसाजवळ असताना राग येतो का, या अर्थाच्या प्रश्नावर ताईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग म्हणाल्या, 'छे, राग कसला, आईच आहेत त्या.'

इथे पहिला निर्णय घ्यावा लागला. नवऱ्याला बाहेर थांबा म्हटलं असतं, तर घरी गेल्यावर 'तू आत काय काय सांगितलंस' सुरू झालं असतं. म्हणून सहकाऱ्याने त्याला शेजारच्या खोलीत नेलं आणि आजींचा दिवस तासातासाने लिहून द्यायला सांगितलं. तो दुपारी बारापर्यंत येऊन अडकला. पुढचं त्याला माहीतच नव्हतं. इकडे ताईंनी तेच २२ प्रश्न पुन्हा सोडवले. या वेळची बेरीज ४१ ते ६० या, म्हणजे मध्यम ते तीव्र भाराच्या पट्ट्यात गेली. नैराश्याच्या चाचणीतही मध्यम पातळी दिसली.

अडचण नेमकी काय होती

आजी रात्री तीनला उठायच्या. शाळेची वेळ झाली म्हणून पातळ नेसायला घ्यायच्या, दाराची कडी काढायच्या. नवरा आतल्या खोलीत झोपायचा, कारण सकाळी त्याची नोकरी. ताई पुढच्या खोलीत, आजींच्या पायाशी. सलग तीन तास झोप शेवटची कधी झाली, हे त्यांना आठवत नव्हतं.

दिवसा आजी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, 'सकाळपासून पोटात काही नाही. सून जेवायला देत नाही.' जेवून अर्धा तास झालेला असायचा. शिवाय, 'माझ्या पाटल्या हिने मोडून खाल्ल्या.' पाटल्या बँकेच्या लॉकरमध्ये होत्या. डिमेन्शियाच्या घरांत हे दोन आरोप इतके नेहमीचे आहेत की आम्ही ते ऐकण्याआधीच ओळखतो. ताईंना मात्र ते कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या लेखी पंचवीस वर्षं राबल्याचा तो निकाल होता. आणि समोरची काकू हे ऐकून नुसती 'हं' म्हणायची, ते 'हं' त्यांना जास्त लागायचं.

गौरी-गणपतीला नणंद आली. आईला साडी नेसवताना तिला दंडावर चार बोटांचे काळेनिळे वळ दिसले. गौरीजेवणाच्या दिवशी घरात रणकंदन झालं. 'आईवर हात टाकतेस? ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, पोलिसात जाईन,' इथपर्यंत गोष्ट गेली.

ताईंनी आम्हाला ते स्वतःहून सांगितलं. आंघोळीच्या वेळी आजींनी तांब्या फेकून मारला, तो कपाळाला लागला. ताईंनी दंड धरून त्यांना पाटावर दाबून बसवलं. 'त्या वेळी मी त्यांना घट्ट धरलं नव्हतं, दाबत होते,' त्या म्हणाल्या. 'आणि दाबताना मला डी.एड. आठवलं. तुम्ही मला वेडी म्हणाल.'

आम्ही वेडी म्हटलं नाही. सत्ता उलटी झाल्यावर जुने हिशेब वर येतात. ज्या घरात नातं आधीपासून कडू होतं, तिथे ही काळजी दुप्पट जड जाते. त्यात आणखी एक पीळ होता. हल्ली संध्याकाळी आजी ताईंना आपली वारलेली बहीण समजायच्या. 'अक्का, तू जेवलीस का गं?' म्हणून गालावरून हात फिरवायच्या. पंचवीस वर्षांत सून म्हणून जी माया मिळाली नाही, ती आता अक्का म्हणून मिळत होती. याचं बरं वाटून घ्यायचं की वाईट, ते ताईंना कळत नव्हतं. त्यावर आम्ही बरंच बोललो, आणि तो प्रश्न सुटलेला नाही.

दुसरा निर्णय त्या वळांबद्दलचा. समोर बसलेली बाई आमची अशील, पण घरी बसलेल्या म्हातारीला तर स्वतःची तक्रारही मांडता येत नाही. आम्ही ताईंना स्पष्ट सांगितलं: आजींच्या जिवाला धोका दिसला, तर ही गोष्ट आपल्या दोघींत राहणार नाही. मग कधी, कुठे, त्याआधी काय झालं होतं, असं एकेक विचारलं. उत्तर दोनच ठिकाणी येऊन थांबत होतं: आंघोळ आणि सलग जागरण. ही दोन कारणं काढता येण्यासारखी होती. म्हणून तक्रारीची वाट धरली नाही, पण दर आठवड्याला घरी जाऊन आजींना प्रत्यक्ष पाहायचं ठरलं, आणि तेही ताईंना सांगूनच.

'मलाच उचल असं देवाला म्हणते,' हे वाक्यही त्याच दिवशी आलं. अशा वेळी 'असं बोलू नये' म्हणून विषय बुजवणं सोपं असतं. आम्ही थेट विचारलं की स्वतःला संपवायचं मनात येतं का, काही ठरवलं आहे का. ठरवलेलं काही नव्हतं. 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्यांच्या फोनमध्ये घालून दिला. तो रात्री तीनलाही उचलला जातो, आणि ताईंची खरी वेळ तीच होती.

समोर कोणते पर्याय होते

*फक्त ताईंचं समुपदेशन.* दर आठवड्याला केंद्रावर एक तास. पण त्या तासात आजींजवळ कोण बसणार? फोनवर बोलायचं म्हटलं तर आजी दाराआडून ऐकत आणि 'माझ्याविरुद्ध कट चाललाय' म्हणत.

*ताईंना औषध.* जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या डॉक्टरांकडे पाठवायचं आम्ही सुचवलं. ताई म्हणाल्या, 'मला झोपेची गोळी दिली तर रात्री कडी काढल्याचा आवाज कुणाला येणार?' याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. कागदावर आपण 'उपचारास नकार' असं लिहितो, तेव्हा बऱ्याचदा त्यामागे इतकं साधं कारण असतं.

*आजींना शांत करणारं औषध.* नवऱ्याचा कल इकडे होता. डिमेन्शियात अशा औषधांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, पडण्याचाही. ती कधीच देऊ नयेत असं नाही, पण आधी बाकीचं तपासून मग. आजींचा त्रास गेल्या काही आठवड्यांत एकदम वाढला होता. अल्झायमर असा एकदम वाढत नाही. डॉक्टरांना लघवी तपासायला सांगितलं. जंतुसंसर्ग निघाला, शिवाय बद्धकोष्ठता. आठवडाभराच्या औषधाने रात्रीचं उठणं निम्म्यावर आलं.

*तीन मुलांकडे चार-चार महिने.* आपल्याकडे आईवडिलांची अशी वाटणी सर्रास होते, आणि दिसायला ती न्याय्य दिसते. पण ज्या माणसाला स्वतःच्याच घरात संडास कुठे ते आठवावं लागतं, त्याला वर्षातून तीनदा घर बदलायला लावायचं? यावर आमचं मत ठाम होतं. आजी जागेवर राहाव्यात, पाळी माणसांनी करावी.

*संगोपन केंद्र.* पैसे परवडत होते. नणंद म्हणाली, 'आईला आश्रमात टाकणार?' नवरा गप्प. ताईंनीही नको म्हटलं. आम्ही तो पर्याय खोडून टाकला नाही, बाजूला ठेवला.

*घरी जाऊन आधार.* याच्या बाजूने आमच्याकडे जवळचाच दाखला होता. गोव्यात ८१ कुटुंबांवर केलेली एक चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते डिमेन्शिया असलेल्यांच्या घरी जायचे. आजाराची माहिती द्यायची, वागण्यातल्या अडचणींवर उपाय सुचवायचे, गरज पडली तर मनोविकारतज्ज्ञाची मदत मिळवून द्यायची, असं ते काम. काळजी घेणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य त्याने लक्षणीय सुधारलं आणि रुग्णाच्या वागण्याने होणारा मनस्ताप घटला. झारिट मापनीवरचा भार मात्र ठळकपणे उतरला नाही. मला यातली ही शेवटची ओळ सगळ्यात प्रामाणिक वाटते. माणसाला समजावून, शिकवून त्याचा जीव थोडा शांत होतो, पण तास तेवढेच राहतात. तास कमी करायचे तर घरातल्या दुसऱ्या कुणीतरी ते घ्यावे लागतात.

काय केलं

पहिले काही आठवडे घरभेटी झाल्या. रोजची आंघोळ बंद करून आठवड्यातून दोनदा ठेवली, बाकीचे दिवस ओल्या टॉवेलने पुसणं. पाणी डोक्यावरून न घेता पायापासून सुरुवात. 'देवाधर्माच्या घरात रोज आंघोळ नाही?' यावर नवऱ्याने नाक मुरडलं. तुम्ही घालणार असाल तर रोज घाला, असं ताईंनी त्याला पहिल्यांदाच म्हटलं.

जेवणाच्या आरोपावर वाद घालायचा नाही, असं ठरलं. 'आत्ताच जेवलात' म्हणण्यापेक्षा 'भाकरी टाकतेच आहे, तोवर हे घ्या' म्हणून राजगिऱ्याचा लाडू पुढे करायचा. संध्याकाळी अस्वस्थपणा वाढायचा, त्या वेळी नातीच्या जुन्या वह्या आणि लाल पेन आजींसमोर ठेवलं. त्या तास-तास तपासत बसायच्या. खुणा बरोबर असण्याची गरज नव्हती. (नातीची चालू वर्षाची जर्नल एकदा या तपासणीत सापडली, तो गोंधळ वेगळा.)

रागासाठी एकच नियम: हात शिवशिवले की आजींना बसतं करायचं, गॅस बंद आहे बघायचं आणि परसात जायचं. दहा मिनिटं आंघोळ अर्धवट राहिली तर राहू दे. आणि शेजारच्या दोन घरांत ताईंनी स्वतः जाऊन आजाराचं नाव सांगितलं. काकूचं 'हं' त्यानंतर बदललं.

तिसरा आणि सगळ्यात अवघड निर्णय कुटुंबाच्या बैठकीचा. ताई म्हणायच्या, 'वन्संना बोलावू नका, त्या परत तेच काढतील.' आम्ही दोन महिने थांबलो. मग दिवाळीत तिन्ही भावंडं घरी असताना बैठक झाली.

कायद्याचा मुद्दा आणायचा का, यावर आमच्यात आधी मतभेद होते. नणंदेने ज्या कायद्याची धमकी दिली, त्या २००७ च्या कायद्यात आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडांवर आहे. सून त्या व्याख्येत नाही. म्हणजे ज्या कायद्याने ताईंना धमकावलं, त्यात खुद्द नणंदेचं नाव होतं. हे बोलून दाखवण्याचा मोह मोठा होता. आम्ही ते बोललो नाही. त्याने वाद जिंकला असता आणि ती पुन्हा त्या घरात आली नसती. आम्हाला तर तिचे दिवस हवे होते.

बैठकीत आम्ही फक्त आजींच्या चोवीस तासांचा तक्ता भिंतीला लावला. कोणता तास कोणाकडे, तो रंगाने दाखवलेला. जवळजवळ सगळा एकाच रंगाचा.

खरी गाठ निघाली पैशांत. आजींची पेन्शन चांगली होती आणि ती जशीच्या तशी बँकेत साठत होती. मावशी ठेवायला पैसे नाहीत म्हणणाऱ्या नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला, 'आईच्या पैशाला हात लावला की उद्या हेच म्हणतील, खाल्ले.' धाकटा म्हणाला, 'मी कधी म्हणालो?' त्यावर नणंद गप्प बसली. तीन भावंडांच्या एकमेकांवरच्या संशयाचं व्याज ताई आपल्या झोपेतून फेडत होत्या. अशी घरं आम्ही बरीच पाहिली आहेत. पैसा असतो, तो वापरण्याची परवानगी नसते.

तिथेच ठरलं: आजींची पेन्शन आजींसाठीच वापरायची, एक वही ठेवायची, दर महिन्याला तिचा फोटो तिघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. लॉकर तिघांनी मिळून उघडायचा, पाटल्या बघायच्या, यादी करायची. रात्री झोपायला गावातल्याच एक मावशी. गुरुवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, आजी पूर्णपणे नवऱ्याकडे. आणि नणंदेने दर तीन महिन्यांनी दहा दिवस येऊन राहायचं, त्या काळात ताई घरात नसणार. ही शेवटची अट ताईंची. पाहुणी म्हणून आलेल्या नणंदेचं जेवणखाण करत आजींना सांभाळायचं असेल, तर ती रजा नाही.

पुढे काय झालं

पहिल्या पाळीत ताई माहेरी, कवठेमहांकाळकडे गेल्या. दुसऱ्या रात्री नणंदेचा फोन आला तो भावाला. आई मला चोर म्हणते, मला ओळखत नाही, मी उपाशी ठेवते म्हणून शेजारी सांगते. तिने ताईंची माफी वगैरे मागितली नाही, अजूनही मागितलेली नाही. पण दहा दिवस संपताना तिने धाकट्याला फोन करून सांगितलं की दिवसाही चार तास बाई लागेल आणि वर लागणारे पैसे तू द्यायचे. वळांचा विषय त्यानंतर निघाला नाही. नवे वळही आम्हाला दिसले नाहीत.

धाकटा पैसे पाठवतो. येत नाही. त्याला तसं राहू द्यावं की ओढावं, यावर ताईंचं मत आमच्यापेक्षा व्यवहारी होतं: 'येऊन मोबाइल बघत बसण्यापेक्षा पैसे बरे.'

रात्रीची मावशी लागल्यावर ताई डॉक्टरांकडे जायला तयार झाल्या. औषध सुरू झालं, झोप आली. सहा महिन्यांनी नैराश्याच्या चाचणीतले गुण सौम्य पातळीवर आले. झारिटची बेरीज उतरली, पण थोडीच. गोव्याच्या अभ्यासाशी हे जुळणारंच. यंत्रावरची चादर निघाली आहे. आठवड्यातून दोन दुपारी फॉल-पिको.

आजींचा आजार त्याच्या गतीने पुढे चालला आहे.

काय वेगळं करता आलं असतं

बैठक लवकर व्हायला हवी होती. ताईंच्या नकाराचा मान ठेवून दोन महिने गेले, आणि त्या काळातली जागरणं त्यांनीच काढली. दुसरी बाजू अशी की पहिल्या आठवड्यात त्या नणंदेसमोर बसू शकल्याच नसत्या. दिवाळीत 'मी घरात नसणार' म्हणण्याचं बळ त्या दोन महिन्यांतूनच आलं. माझ्या मते मधला मार्ग होता. ताईंना न बसवता भावंडांची एक बैठक आधी घ्यायची. आता आम्ही तसं करतो.

वागणं अचानक बिघडलं आहे का आणि लघवी तपासली आहे का, हे दोन प्रश्न आता पहिल्या भेटीच्या अर्जातच आहेत. या घरात तो विचार औषधाच्या चर्चेतून निघाला, तो आधी निघायला हवा होता.

नवऱ्याकडे सगळ्यांनीच, आम्हीसुद्धा, 'मदत न करणारा' म्हणून पाहिलं. गुरुवारच्या पाळ्या सुरू झाल्यावर तो एकदा एकटा केंद्रावर आला. आई आपल्याला नावाने हाक मारत नाही म्हणून तो पतसंस्थेत मुद्दाम उशिरापर्यंत बसायचा. हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. बारावीतल्या मुलीशीही परीक्षा झाल्यावरच बोलणं झालं. ती वर्षभर कानात हेडफोन घालून झोपत होती.

सध्या आजींना पातळ पदार्थांचा ठसका लागतो. पुढेमागे गिळणं थांबलं तर नळी घालायची का, दवाखान्यात किती काळ ठेवायचं, हे तिघा भावंडांनी आताच बोलून ठेवावं, असं आम्ही सुचवलं आहे. त्या बैठकीला ताई बसणार आहेत. सही तिघांची, पण मत त्यांचंही घ्यायचं, हे नवऱ्याने ग्रुपवर लिहिलं. त्याआधीचा प्रश्न मे महिन्याचा आहे. मावशींच्या मुलीचं लग्न आहे, त्या पंधरा दिवस येणार नाहीत. तक्त्यातल्या त्या पंधरा रात्रींपैकी सात भरल्या आहेत, आठ अजून रिकाम्या.